आईच्या दुधात ‘डी’ कमी का?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात आणि त्याच कागदावर व्हिटॅमिन डीचे थेंब लिहून देतात. बाळंतिणीच्या मनात येणारच, दूध पूर्णान्न आहे ना? मग हे काय? माझंच दूध निकस आहे का?

आकडे पाहिले तर शंका अगदीच चुकीची नाही. आईच्या एक लिटर दुधात व्हिटॅमिन डी सहसा २५ ते ८० युनिट असतं. बाळाला रोज लागतं ४०० युनिट. तान्हं बाळ दिवसाला जेमतेम पाऊण लिटर दूध पितं. हिशोब जुळत नाही, पण त्याचा दोष दुधाला देता येत नाही. व्हिटॅमिन डी मुळात अन्नातून मिळवायची गोष्टच नाही. ते आपल्या कातडीत तयार होतं. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या भाऊबंदांपैकी एक रेणू असतो. त्यावर सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की त्याचं एक कडं उघडतं, आणि अंगाच्या उबेवर त्याचं व्हिटॅमिन डी होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्यात एकेक बदल करतात, तेव्हा कुठे ते आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं. खरं तर हे हार्मोनच. जीवनसत्त्वांच्या पंगतीत ते बसलं ते शोधाच्या गडबडीमुळे.

ती गडबड १९१९ सालची. मुडदुसाने, म्हणजे हाडं मऊ पडण्याच्या आजाराने, युरोपातल्या धुरकट शहरांतली मुलं वाकली होती. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी अशा मुलांना अतिनील किरण देणाऱ्या पाऱ्याच्या दिव्यासमोर बसवलं आणि एक्स-रेमध्ये हाडं भरून येताना दिसली. मग त्यांनी एकाच हातावर प्रकाश पाडून पाहिला, तर दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं! म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा करत होते. एकीकडे दिवा, दुसरीकडे तेल, आणि आजार एकच. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅककॉलम यांनी तेल तापवून, त्यात हवा सोडून त्यातलं व्हिटॅमिन ए नष्ट केलं. तरी तेल मुडदुसावर चालतच होतं. ए, बी, सी ही नावं आधीच गेलेली, म्हणून हे डी.

मग बाळाला उन्हातच का धरू नये? कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची त्वचा नाजूक, तिला थेट उन्हापासून जपायलाच सांगतात. शिवाय किती उन्हात किती डी बनेल हे ऋतू, वेळ, त्वचेचा रंग यांवर ठरतं, त्याचं माप घेता येत नाही. आणि खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. काचेआडचं ऊन बाळाला ऊब देतं, डी नाही.

जन्मताना बाळ थोडी शिदोरी आईकडून आणतं. पण आईकडेच कमी असेल तर शिदोरीही कमी, आणि रक्तातला साठा दर दोन-तीन आठवड्यांनी निम्म्यावर येतो. कमतरता दीर्घकाळ राहिली तर मनगटं रुंदावतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात, पाय वाकतात. कधी कधी तर कॅल्शियम घटून आलेली आकडी हेच पहिलं लक्षण असतं.

तान्ह्या बाळांसाठीच्या पावडरच्या दुधात (फॉर्म्युला) डी आधीच मिसळलेलं असतं. ते भरपूर पिणाऱ्या बाळाला थेंब लागतातच असं नाही. किती प्याल्यावर थांबवायचं, यावर मात्र एकमत नाही. ब्रिटनमध्ये दिवसाला अर्धा लिटर, अमेरिकेत जवळपास एक लिटर.

आता मात्रा. ४०० युनिट म्हणजे फक्त १० मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम शुद्ध व्हिटॅमिन डी एका बाळाला रोज या हिशोबाने दिलं तर सुमारे २७४ वर्षं पुरेल. म्हणूनच ते तेलात विरघळवून देतात, आणि घोटाळा इथेच होतो. एका बाटलीत ४०० युनिट एका मिलिलिटरमध्ये, दुसरीत तेवढेच एका थेंबात. थेंबवाल्या बाटलीचं औषध मिलिलिटरभर पाजलं तर एका दमात ८,००० हून जास्त युनिट पोटात जातात. पहिल्या सहा महिन्यांत रोजची कमाल मर्यादा १,००० ची आहे. एखाद्या दिवशीच्या चुकीने सहसा अनर्थ होत नाही. रोज होत राहिली तर रक्तात कॅल्शियम वाढतं. बाळ ओकतं, दूध टाकतं, मलूल होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये याच ड्रॉपरबद्दल इशारा दिला होता. बाटली बदलली की लेबल नव्याने वाचा, आणि ड्रॉपर तिच्यासोबत आलेलाच वापरा. एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

पाजायची रीतही सांगायला हवी. बाळाचं डोकं थोडं उंच धरून, गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू. घशात पिचकारी मारायची नाही. एका थेंबाची बाटली असेल तर तेवढंही नको. दूध पाजायच्या आधी थेंब स्तनाग्रावर ठेवायचा. बाळ चोखेल तसा तो दुधाबरोबरच पोटात जातो.