डग विल्यम्स आणि वॉरन मून: पहिला कोण, मोठा कोण?

अमेरिकन फुटबॉलवर वाद घालणाऱ्या कुठल्याही मंडळीत थोर कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकची यादी निघाली की दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. डग विल्यम्स आणि वॉरन मून. 'तो वॉशिंग्टनवाला, पहिला कृष्णवर्णीय' असं कोणी म्हटलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: कुठलं वॉशिंग्टन, आणि कशातला पहिला?

गोंधळ व्हावा अशीच मांडणी आहे. दोघांच्याही व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवात १९७८ची. दोघांच्या आयुष्यात 'वॉशिंग्टन' आहे, पण मूनचं वॉशिंग्टन म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर सिएटलमधलं विद्यापीठ आणि विल्यम्सचं म्हणजे एनएफएल या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमधला राजधानीचा संघ. दोघांनाही काही वर्षं एनएफएल सोडून दुसऱ्या लीगमध्ये काढावी लागली. आणि दोघांच्याही नावाआधी 'पहिला' लागतो. विल्यम्स हा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, तर मून हा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलेला आधुनिक काळातला पहिला. मैदानावर उतरलेला पहिला मात्र दोघांपैकी कोणीच नाही. १९५३ साली शिकागो बेअर्सकडून विली थ्रोअर खेळून गेला होता. १९६८मध्ये मार्लिन ब्रिस्को डेन्व्हरकडून खेळला, पदार्पणाच्याच मोसमात त्याने १४ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, आणि पुढे बफेलोने त्याला पास झेलणाऱ्याच्या जागी उभं केलं.

ब्रिस्कोचं जे झालं तोच तेव्हाचा रिवाज होता. क्वार्टरबॅक म्हणजे नुसता चेंडू फेकणारा गडी नव्हे. कुठली चाल खेळायची ते सहकाऱ्यांना सांगणं, समोरच्या बचावाची मांडणी वाचणं आणि गरज पडली तर ऐन वेळी चाल बदलणं हे त्याचं काम. म्हणजे मैदानावरचा मेंदू. आणि 'मेंदूची जागा' काळ्या खेळाडूला द्यायची नाही, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी पाळलं जात होतं. पळायला चालेल, झेलायला चालेल, अडवायला चालेल. डोकं चालवायला नाही.

या भिंतीपाशी दोघं दोन वेगळ्या वाटांनी आले, आणि माझ्या मते खरा फरक इथून सुरू होतो. विल्यम्स लुइझियानाचा, ग्रॅम्बलिंग स्टेटचा. हे कृष्णवर्णीयांसाठीचं जुनं महाविद्यालय आणि तिथले प्रशिक्षक एडी रॉबिन्सन. संघातले सगळेच काळे म्हटल्यावर काळा मुलगा क्वार्टरबॅक होऊ शकतो का, हा प्रश्न तिथे कोणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. मून लॉस एंजेलिसचा. त्याने गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठात हट्टाने क्वार्टरबॅकच व्हायचं ठरवलं आणि घरच्याच मैदानावर प्रेक्षकांची हुर्यो सोसली. २ जानेवारी १९७८ला रोझ बोल या महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात त्याने मिशिगनला २७-२० हरवलं आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तेच प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

चार महिन्यांनी एनएफएलचा ड्राफ्ट झाला. हा आयपीएलसारखा लिलाव नसतो. संघ पाळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. टँपा बे बकनीअर्सने विल्यम्सला पहिल्याच फेरीत, १७व्या क्रमांकावर घेतलं. मूनला बारा फेऱ्यांत कोणीही घेतलं नाही. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेक जण गाळतात: ड्राफ्टच्या काही आठवडे आधीच त्याने कॅनडातल्या एडमंटनशी करार केला होता. पण तो केला तो अंदाज आल्यामुळेच. जागा बदलशील का, अशी विचारणा होत होती आणि त्याला ती मान्य नव्हती.

म्हणजे एक आत गेला, एक बाहेर राहिला. सुखी कोण झाला? बाहेरचा. मूनने एडमंटनकडून १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षं ग्रे कप, म्हणजे कॅनडाचं विजेतेपद, जिंकलं. १९८२च्या एका मोसमात ५,००० यार्ड पास करणारा तो पहिला व्यावसायिक क्वार्टरबॅक ठरला.

आत गेलेल्या विल्यम्सच्या वाट्याला टँपा आलं. हा संघ १९७६ साली जन्मला आणि पहिले २६ सामने हरला. विल्यम्सने त्याला पाच वर्षांत तीनदा प्लेऑफमध्ये नेलं आणि १९७९च्या मोसमात तर सुपर बोलपासून एका सामन्यावर आणून ठेवलं. मोबदला वर्षाला १,२०,००० डॉलर. दुसऱ्या संघांतले बाकावर बसणारे काही राखीव क्वार्टरबॅक त्याहून जास्त कमावत होते. त्याने सहा लाख मागितले, मालक चार लाखांवर अडला, आणि विल्यम्स निघाला. १९८३मध्ये टँपाने १६पैकी १४ सामने गमावले. पुन्हा प्लेऑफ दिसायला १९९७ उजाडलं. इतका महागात पडलेला काटकसरीपणा मला तरी दुसरा माहीत नाही.

त्याच १९८३च्या एप्रिलमध्ये विल्यम्सची पत्नी मेंदूतल्या गाठीने गेली. त्यानंतर दोन मोसम तो नव्याने निघालेल्या यूएसएफएलमध्ये खेळला. ती लीगही बुडाली. तेव्हा त्याला बोलावलं फक्त वॉशिंग्टनने, तेही राखीव म्हणून. प्रशिक्षक जो गिब्स पूर्वी टँपात होते, ते त्याला ओळखून होते.

आता तो दिवस. ३१ जानेवारी १९८८, सॅन डिएगो, समोर क्वार्टरबॅक जॉन एल्वेचं डेन्व्हर, सामना सुपर बोलचा. त्या मोसमातल्या साखळी सामन्यांत विल्यम्सने सुरुवात केली होती फक्त दोनदा, आणि वॉशिंग्टन दोन्ही वेळा हरलं होतं. गिब्सने प्लेऑफच्या तोंडावर त्याला पुढे काढलं. आदल्या दिवशी दाताचं रूट कॅनल झालेलं. पहिल्या पावात, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत, ०-१०ने मागे, त्यात गुडघा पिरगळला. आणि मग दुसरा पाव: अठरा चालींत ३५ गुण, विल्यम्सचे एकट्याचे चार टचडाउन पास. मध्यंतराला सामना संपलेलाच होता. शेवट ४२-१०, विल्यम्सचे ३४० यार्ड आणि सामनावीराचा मान. ती पंधरा मिनिटं आजही पाहावीत. नियम कळत नसतील तरी पाहावीत.

मून १९८४ला एनएफएलमध्ये आला तेव्हा त्याच्यासाठी संघांची चढाओढ लागली होती. तो ह्यूस्टनला गेला. पहिली तीन वर्षं रडतखडत गेली, पण नंतर १९८७ ते १९९३ सलग सात वर्षं संघ प्लेऑफमध्ये होता. डिसेंबर १९९०मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने एकाच सामन्यात पासवर ५२७ यार्ड काढले. पण मोठ्या सामन्यांत नशीब म्हणा, ह्यूस्टनचा बचाव म्हणा, काहीतरी आडवं यायचं. ३ जानेवारी १९९३ला बफेलोविरुद्ध संघ ३५-३ पुढे होता, पूर्वार्धातले चारही टचडाउन मूनच्या पासवर आले होते, आणि तो सामना ते ४१-३८ने हरले. प्लेऑफमध्ये मूनचे विजय ३, पराभव ७. विल्यम्सचे विजय ४, पराभव ३.

इथे लोक फसतात. सुपर बोल विजेत्याची अंगठी आहे म्हणून विल्यम्स वर, असं म्हणणाऱ्याला मी १९८३चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना आठवायला सांगतो. सामनावीर मोहिंदर अमरनाथ होता आणि गावस्करने दोन धावा केल्या होत्या. म्हणून कोणी अमरनाथला गावस्करच्या वर बसवतं का? मूनचे एनएफएलमधले पासचे यार्ड ४९,३२५ आणि टचडाउन २९१. विल्यम्सचे यार्ड सतरा हजारांना दोन कमी आणि टचडाउन बरोबर १००. यात वादाला जागाच नाही, क्वार्टरबॅक म्हणून मून कितीतरी मोठा.

मूनचे भक्त मात्र कॅनडाची बेरीज करून ७० हजारांवर यार्ड सांगतात, तेही मला पटत नाही. कॅनडाचं मैदान मोठं, खेळाडू अकराऐवजी बारा, दहा यार्ड पुढे सरकायला संधी चारऐवजी तीन. खेळ वेगळा आहे. रणजीतल्या धावा कसोटीत मिळवू नयेत तसंच हे. त्या सहा वर्षांचा हिशेब फक्त इतकाच ठेवावा की एनएफएलला मून मिळाला तो सत्ताविसाव्या वर्षी, आणि तरीही तो ४४ वर्षांचा होईपर्यंत खेळला.

माझी यादी विचारलीत तर वर पॅट्रिक महोम्स, तीन सुपर बोलनंतर त्यावर फार बोलायला उरत नाही. दुसरा मून. मग लमार जॅक्सन, रसेल विल्सन आणि २००३चा 'सर्वोत्तम खेळाडू'चा मान पेटन मॅनिंगबरोबर वाटून घेणारा स्टीव्ह मॅकनेअर, यांचा क्रम मी दर मोसमाला बदलतो. विल्यम्स पहिल्या पाचांत नाही. पण एका दिवसाची यादी केली तर त्याच्या वर कोणी नाही, रंग कुठलाही असो.

विल्यम्सनंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने सुपर बोल जिंकायला २६ वर्षं लागली. फेब्रुवारी २०१४, समोर पुन्हा डेन्व्हर, निकाल पुन्हा एकतर्फी, ४३-८. जिंकणारा सिएटलचा रसेल विल्सन. खेळाडू म्हणून ज्याला सुपर बोलचं मैदान कधी लाभलं नाही, तो वॉरन मून त्या दिवशी तिथेच होता, सिएटलच्या रेडिओसाठी समालोचन करत.