तीच वाट, रोज वेगळी भरती

कोणतीही कृती सवयीची व्हायची असेल, तर ती त्याच निमित्ताने, शक्यतो त्याच जागी, पुन्हा पुन्हा घडावी लागते. सर्जनशील विचाराची गरज नेमकी उलट असते. त्याला नवे खाद्य हवे असते आणि एखादे दृश्य रोज दिसू लागले की मेंदू त्याची दखल घेणे हळूहळू सोडून देतो. रोजच्या चालण्यातून लेखनासाठी, चित्रासाठी किंवा संशोधनासाठी काही सुचावे अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याला हा पेच सोडवावाच लागतो.

चालताना कल्पना अधिक सुचतात, याला प्रयोगांचा आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी १७६ जणांवर केलेले चार प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. रोजच्या वापरातील एखाद्या वस्तूचे नेहमीपेक्षा वेगळे उपयोग सुचवा, अशा स्वरूपाच्या चाचण्यांत चालणाऱ्यांची कामगिरी बसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी सरस ठरली. हा आकडा ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण वस्तूचे उपयोग सुचणे आणि चांगली कविता सुचणे यांत बरेच अंतर आहे. त्याहून महत्त्वाचे निष्कर्ष दोन होते. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही लाभ झाला. आणि चालून येऊन खुर्चीवर बसल्यानंतरही तो काही काळ टिकला. एका प्रयोगात काही जणांना व्हीलचेअरवरून बाहेर फिरवण्यात आले होते, त्यावरून मोकळ्या परिसराचा परिणाम आणि पावलांचा परिणाम या वेगवेगळ्या गोष्टी असल्याचे दिसले.

ज्या कोड्यांचे उत्तर एकच असते, ती सोडवताना मात्र चालणारे किंचित मागे पडले. म्हणजे पाय चालू असताना पर्याय भरपूर सुचतात, पण त्यांतून नेमका एक निवडण्याचे काम बसूनच केलेले बरे. कच्चा मजकूर चालताना मनात घोळवावा, त्याची काटछाट मेजाशी बसून करावी, असा याचा व्यवहारातला अर्थ.

मनात प्रश्नच नसेल तर पावलांनी उत्तर कुठून आणावे? विल्यम रोवन हॅमिल्टन या गणितज्ञाला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील कालव्याच्या काठाने पत्नीसोबत चालताना क्वाटर्नियनचे, म्हणजे चार घटकांच्या संख्यांचे, सूत्र सुचले, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. परंतु त्याआधी कित्येक वर्षे तो त्याच प्रश्नाशी झटत होता, हे सांगायचे राहून जाते. निघताना एखादा अडलेला परिच्छेद, गाण्याची न जमलेली चाल किंवा अर्धवट राहिलेले रेखाटन मनात असावे आणि वाटेत त्याच्या मागे हात धुऊन लागू नये.

सवय लागण्याविषयी २१ दिवसांचा एक आकडा सर्वत्र फिरत असतो. त्याला फारसा आधार नाही. लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा १२ आठवडे अभ्यास केला. २०१० साली छापल्या गेलेल्या त्यांच्या निबंधानुसार कृती आपोआप घडू लागण्यास साधारण ६६ दिवस लागतात, आणि व्यक्ती व कृतीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो. या स्वयंसेवकांनी आपली नवी कृती दिवसातून एकदा हमखास घडणाऱ्या प्रसंगाला जोडली होती. गोव्यातल्या घरांना असा प्रसंग शोधावा लागत नाही. सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला, पोय हा गोव्याचा पाव घरात आला, की चपला पायांत घालायच्या, एवढे ठरवले तरी पुरते. त्यात गजर लावण्याची कटकट नाही.

तरीही सवयीने फक्त घराबाहेर पडण्याचे काम करावे, पाहण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. गोव्यातील चोडण किंवा दिवाडी बेटावरील खाजन शेतांच्या, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतांच्या, बांधावरून रोज सकाळी त्याच वेळी चालणाऱ्याला निसर्ग यात आयतीच मदत करतो. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि दिवसातून दोनदा येते. त्यामुळे आज सातच्या सुमारास नदी बांधाला टेकलेली असेल, तर आठवडाभराने त्याच वेळी तिथे चिखल उघडा पडलेला, खेकडे बिळांबाहेर आलेले आणि बगळे त्यांच्या मागावर असलेले दिसतात. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, लाकडी दारे पाण्याच्या दाबाने कधी मिटलेली असतात, कधी आतले पाणी बाहेर सोडत असतात. वेळ तीच, वाट तीच, आणि तरीही दोन सकाळी सारख्या नाहीत. पणजीत राहणाऱ्याला मिरामारच्या किनाऱ्यावरही हेच अनुभवता येते, फक्त तिथे गर्दी फार.

नजर कशी ठेवावी याबाबतही संशोधनातून थोडे मार्गदर्शन मिळते. नेदरलँड्समधील लायडन येथे मोजक्या ध्यानसाधकांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच गोष्टीवर चित्त खिळवण्यापेक्षा मनात जे येईल त्याची निवड न करता नोंद घेण्याच्या ध्यानानंतर कल्पना अधिक सुचल्या. अभ्यास छोटा असल्याने त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण सजग चालणे म्हणजे केवळ श्वास मोजत जाणे नव्हे, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. शेवाळाचा वास, फेरीबोटीचे इंजिन, तळव्याला जाणवणारा जांभा या सर्वांना आत येऊ द्यावे आणि कानांत इअरफोन घालू नयेत. गोव्यात १९०७ साली जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर पायी हिंडताना जमिनीकडे असेच पाहत, आणि त्यांना तिथे प्रागैतिहासिक काळातील बारीक दगडी हत्यारे मिळाली. त्या टेकड्यांवर फिरायला जाणारे इतरही असंख्य लोक होते.

परतल्यावर आंघोळ, नाश्ता आणि मोबाइल यांच्या आधी वही उघडावी, कारण चालण्याचा परिणाम बसल्यानंतर टिकतो तो थोडाच काळ. दहा मिनिटांत चार वाईट ओळी लिहिल्या गेल्या तरी चालेल.

जूनपासून हे वेळापत्रक कोलमडते. बांध निसरडे होतात, वाट चिखलात जाते, आणि छत्री सांभाळणाऱ्याचे लक्ष छत्रीतच राहते. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा अडथळा आला नाही, पण गोव्यातला पाऊस एका दिवसाचा नसतो. अशा वेळी कोऱ्या भिंतीसमोरच्या ट्रेडमिलचा निष्कर्ष उपयोगी पडतो. स्टॅनफर्डच्या प्रयोगांतील चालणे ५ ते १६ मिनिटांचेच होते, तेव्हा घराच्या लांब ओसरीत किंवा देवळाच्या सभामंडपात तेवढा वेळ येरझाऱ्या घातल्या तरी नवे काही सुचण्यासाठी त्या पुरेशा ठरू शकतात. मात्र पोदेराचा भोंगा आणि वही यांच्यामधली त्यांची जागा बदलू नये.