जेएम रोड: डांबराला हमी होती, फुटपाथला नाही

पुण्यात खड्ड्यांवरून भांडण सुरू झालं की दहा मिनिटांत कुणीतरी जेएम रोडचा दाखला देतोच. जंगली महाराज रस्ता हे नाव पत्त्यात लिहायचं, बोलताना नुसतं जेएम. 1970च्या दशकात श्रीकांत शिरोळे महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष असताना मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला हे काम मिळालं. हॉटमिक्सचा, म्हणजे गरम डांबर आणि खडी एकत्र कालवून अंथरलेला रस्ता आणि वर दहा वर्षांची हमी. हमी संपली, पुढे कितीतरी पावसाळे गेले, तरी डांबर टिकलं. ही गोष्ट पुणेकर अजून घरच्या लग्नाच्या आठवणीसारखी रंगवून सांगतात.

पण या गोष्टीत चालणारा माणूस कुठेच येत नाही. चांगला रस्ता म्हणजे ज्यावर स्कूटर आदळत नाही तो, एवढीच तेव्हाची व्याख्या. गंमत अशी, की जेएमवर जे काही आहे त्यातलं बहुतेक पायीच बघायचं. आठव्या शतकातलं पाताळेश्वर लेणं, शेजारी जंगली महाराजांचं समाधी मंदिर, संभाजी बाग, 1968 साली उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर, मॉडर्न कॉलेज, मग डेक्कनची दुकानं. सायकलींचं शहर दुचाकींचं झालं आणि हा रस्ता एकेरी केला गेला. समोरून गाडी येणार नाही म्हटल्यावर चालवणाऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघेना. नाटक सुटल्यावर आजीचा हात धरून पलीकडे जायचं म्हणजे आधी गाड्यांच्या लोंढ्यात फट शोधायची, मग हात वर करून धावायचं.

फुटपाथ नव्हता असं नाही. होता, पण गुडघ्याएवढा उंच आणि प्रत्येक फाटकापाशी तुटलेला. चढा, दहा पावलं चाला, उतरा, पुन्हा चढा. मधे झाड, विजेचा डीपी बॉक्स, जाहिरातीचा खांब. तिसऱ्या उताराला माणूस कंटाळून सरळ रस्त्यावरून चालायला लागतो, आणि मग ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणून बोलणी खातो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातले 32,825 पादचारी होते.

विचार बदलायला सुरुवात झाली ती 2006 मध्ये. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात, रस्त्यावरून गाड्या किती गेल्या यापेक्षा माणसं किती गेली ते मोजा, असा सूर होता. त्याच वर्षाअखेरीस पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली वेगळी वाट, सुरू झाली, देशातली पहिली. बस रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे थांब्यावर जायचं तर अर्धा रस्ता ओलांडणं आलंच. बस सुधारायची तर आधी चालणं सुधारावं लागतं, हा धडा शहराला तिथे महागात मिळाला. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने पादचारी सुविधांची नियमावली 2012 मध्ये सुधारली. चालणाऱ्यांच्या आणि सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने बोलणाऱ्या ‘परिसर’सारख्या संस्था कित्येक वर्षं महापालिकेच्या मागे लागल्या होत्याच. शेवटी 2016 मध्ये महापालिकेने रस्ते आखणीची मार्गदर्शक तत्त्वं आणि पादचारी धोरण मान्य केलं. धोरण कागदावर आलं, आता रस्ता हवा होता. निवड झाली जेएमची, म्हणजे ज्या रस्त्याच्या डांबराचं सगळं शहर कौतुक करत होतं त्याचीच.

आखणी दिल्लीच्या ओअॅसिस डिझाइन्सने केली. त्यातली मेख साधी होती. जुना रस्ता कुठे रुंद, कुठे अरुंद. पण वाहतूक जाते ती सगळ्यात अरुंद गळ्यातून जाईल तेवढीच. पुढेमागे जी जास्तीची रुंदी होती तिच्यावर गाड्या उभ्या राहायच्या, वेग काही वाढत नव्हता. तेव्हा डांबर सगळीकडे सारख्या रुंदीचं ठेवायचं आणि उरलेली जागा चालणाऱ्यांना द्यायची. फुटपाथची उंची कमी केली. झाडं, खांब, बाकं एका पट्ट्यात गेली आणि बाजूला चालायची वाट मोकळी राहिली. अंध व्यक्तींना पायाने ओळखता येतील अशा उंचवट्याच्या पिवळ्या लाद्या आल्या, सायकल ट्रॅक आला, मुलांना खेळायला जागा आली. 2017च्या सुमाराला पहिला तुकडा खुला झाला, तेव्हा संध्याकाळी लोक नुसते बाकांवर बसायला यायला लागले. रस्त्यावर काम नसताना बसायचं, ही चैन आपल्याला बागेबाहेर ठाऊक नव्हती.

विरोधही ठरलेला होता. गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे, हा दुकानदारांचा सवाल, आणि ‘एवढा मोठा रस्ता बोळ करून टाकला’ ही गाडीवाल्यांची तक्रार. औंधच्या डीपी रोडवर असंच काम झालं तेव्हा तिथेही हेच ऐकू आलं. मला विचाराल तर दुकानदारांचा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. त्याचं उत्तर सशुल्क पार्किंगमध्ये होतं आणि महापालिकेने 2018 साली पार्किंग धोरण मंजूरही केलं. पण रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घेणार म्हटल्यावर असा गदारोळ झाला की ते तिथेच अडकलं. फुटपाथ रुंद झाला, गाड्या मात्र फुकटच उभ्या राहिल्या. मग व्हायचं तेच झालं. सायकल ट्रॅकवर दुचाकींची रांग लागली, आणि व्हीलचेअरसाठी केलेला उतार सिग्नल चुकवणाऱ्या स्कूटरच्या कामाला आला. त्यांना अडवायला खांब रोवले, तर काही ठिकाणी दोन खांबांमधून व्हीलचेअरच जाईना.

शहराने तरी पाऊल मागे घेतलं नाही. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद करून पादचारी दिन साजरा झाला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क असल्याचं म्हटलं.

जेएमवर आज बालगंधर्वच्या बाजूने चालत निघालात तर मधेच पायाखाली आवाज बदलतो. केबलसाठी ब्लॉक उचलून पुन्हा बसवलेले असतात, त्यातला एखादा डुगडुगतो. पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी साठतं आणि पाय पडला की पिचकारी थेट पायजम्यावर. दोन हात पलीकडे डांबर गुळगुळीत असतं.