नजरभेट (मानव–प्राणी)

माणूस व प्राणी यांनी एकाच वेळी एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहणे. बहुतेक सस्तन प्राण्यांत रोखलेली नजर ही धमकी समजली जाते. माणसाळलेला कुत्रा हा ठळक अपवाद असून त्याच्या या सवयीचा उगम वादग्रस्त आहे.

बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये लांडगे व कुत्रे यांना न सुटणारे काम दिले. कुत्रे वळून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. माणसांनीच वाढवलेले लांडगे मात्र झटत राहिले. जपानमध्ये नागासावा व सहकाऱ्यांनी (२०१५) नजरभेटीआधी व नंतर मूत्रातील ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक) मोजले. दीर्घकाळ नजर मिळवणाऱ्या जोड्यांत ते कुत्रा व मालक दोघांतही वाढले, लांडग्यांत वाढले नाही. मात्र नाकातून ऑक्सिटोसिन दिल्यावर फक्त माद्यांची नजर लांबली. पुढे २०१९ मध्ये ६ कुत्रे व ४ लांडग्यांच्या विच्छेदनातून भुवईचे आतले टोक उचलून डोळे मोठे भासवणारा स्नायू ही माणसाळण्याची देणगी ठरवली गेली. पण तसाच विकसित स्नायू आफ्रिकी रानकुत्र्यातही आढळल्याने (२०२४) तो दावा लंगडा पडला. न उघडणारा डबा पुढे ठेवल्यास शेळ्याही माणसाकडे वळून पाहतात (२०१६), आणि शेळी कोणी सोबतीसाठी पाळली नव्हती. त्यामुळे सोबतीसाठी झालेल्या निवडीपेक्षा माणसाळण्याच्या एकूण प्रक्रियेला व सहवासाला अधिक श्रेय देणे सयुक्तिक वाटते.

ठाणे–नवी मुंबईतील भटका कुत्रा ओळखीच्या माणसाची नजर सहज झेलतो. अनोळखी माणसाची टक त्याला खपत नाही. अंग ताठ, शेपूट स्थिर, तोंड मिटलेले आणि बुबुळाशेजारी पांढरी कोर दिसू लागली, की जागीच थांबावे. अंग तिरके करावे, हात अंगालगत ठेवावेत, नजर कुत्र्याच्या पुढच्या पायांजवळ जमिनीवर टेकवावी. तो सैलावल्यावर बाजूने निघावे. पाठ फिरवून धावल्यास पाठलागाची प्रवृत्ती चाळवते. नेरूळ–वाशीच्या गल्ल्यांत रात्री दुचाकीमागे लागणारा कुत्रा बहुधा चाकाच्या गतीमुळे धावतो. तेथे नजर चुकवून उपयोग नाही, वेग कमी करावा.

ठाण्याजवळच्या येऊर जंगलाच्या वाटेवरील लाल तोंडाच्या माकडांत भुवया वर, तोंड उघडे आणि नजर रोखलेली ही पूर्ण धमकी होय. अशा वेळी दात दाखवून हसणेही अंगलट येऊ शकते.

बिबट्याबाबत नियम उलटा आहे: तोंड त्याच्याकडेच ठेवून, न वाकता, हळूहळू मागे सरावे. दबा धरणारा शिकारी हेरला गेल्यावर बहुधा माघार घेतो. बोत्स्वानात मागच्या अंगावर (पुठ्ठ्यांवर) डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी चार वर्षांत एकही शिकार झाले नाही. न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ मारली गेली (२०२०). मात्र मारणारे प्राणी बहुतांशी सिंह होते. टॉर्चच्या उजेडात बिबट्याचे डोळे चमकतात ते डोळयातील परावर्तक थरामुळे. ती नजरभेट नव्हे, कारण प्रखर झोतामागचा माणूस त्याला नीट दिसत नाही.

मांजर हळू पापण्या मिटून घेते. तसेच उत्तर दिल्यास ते जवळ येण्याची शक्यता वाढते (२०२०).

पक्ष्यांतील पुरावा तुटपुंजा आहे. इंग्लंडमधील हेरिंग कुरव (एक समुद्रपक्षी) नजर रोखल्यास खाद्याकडे येण्यास सरासरी २१ सेकंद उशीर करतात (२०१९). हिवाळ्यात ऐरोलीजवळ ठाणे खाडीत दिसणारे कुरव वेगळ्या जातींचे असल्याने हा आकडा त्यांना थेट लावता येत नाही.