तीनदा डोस देऊनही लस का लागत नाही? पोटातल्या बॅक्टेरियांची पार्श्वभूमी

पोलिओ रविवार आला की दिव्याला, तुर्भे स्टोअरला, कळवा स्टेशनबाहेर टेबलं लागतात, थंड डब्यातली बाटली, दोन थेंब, डाव्या करंगळीवर मार्करची खूण. आणि कोणीतरी आई विचारतेच, अहो ताई, मागच्या वेळी दिलेला ना, परत कशाला? ताई म्हणतात द्यायचा असतो, आणि रांग पुढे सरकते. खरं उत्तर बरंच जुनं आहे.

साबिन या शास्त्रज्ञाची तोंडावाटे द्यायची पोलिओची लस 1960 च्या दशकात आली. त्यातला व्हायरस जिवंत पण कमजोर केलेला, तो आतड्यात वाढला तरच अँटिबॉडी तयार होणार, म्हणजे लस लागणार, नाहीतर थेंब पोटात गेले आणि संपलं. अमेरिकेत तीन डोसमध्ये बहुतेक सगळ्या मुलांचं काम व्हायचं. 1970 च्या दशकात तमिळनाडूत वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजात डॉ. टी. जेकब जॉन यांनी दाखवलं की आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना तीन डोस पुरतच नाहीत, आणि हे लस नीट थंड ठेवूनसुद्धा. तरी पुढची कित्येक वर्षं खापर फुटलं ते कोल्ड चेनवर, म्हणजे लस थंड ठेवायच्या व्यवस्थेवर, नाहीतर पालकांवर, म्हणजे यूपी-बिहारमध्ये भरपूर डोस घेतलेल्या पोरांनाही पोलिओ होत होता तेव्हासुद्धा. मला हे आजही खटकतं.

कारणं बरीच निघाली, जुलाब, पोटातले दुसरे व्हायरस, आईकडून आलेल्या अँटिबॉडी, सतत इन्फेक्शन होऊन सुजलेलं आतडं. बॅक्टेरियांकडे लक्ष गेलं ते उशिराच. तसं 1954 मध्येच शिकागोत दिसलं होतं की उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं की साल्मोनेलाचे अगदी थोडे जंतूही त्यांना आजारी पाडतात, म्हणजे पोटातले नेहमीचे बॅक्टेरिया वॉचमनचं काम करत होते. पण 2011 मध्ये डॅलसला ज्युली फायफर यांच्या लॅबने बरोब्बर उलटं दाखवलं, अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया साफ केलेल्या उंदरांना पोलिओ कमी झाला, कारण हा व्हायरस बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइड नावाच्या पदार्थाला चिकटतो आणि जास्त टिकतो. वॉचमनच चोराला सामील!

मग साहजिक डोक्यात येतं, आधी अँटिबायोटिक द्या आणि मग लस. तेही वेल्लोरलाच करून पाहिलं, बाळांना तीन दिवस अॅझिथ्रोमायसिन आणि नंतर पोलिओचा डोस. 2016 मध्ये रिझल्ट आला, त्रासदायक बॅक्टेरिया कमी झाले, आतड्याची सूजही उतरली, पण लस लागली ती औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत निम्म्याच्याच आसपास. उंदरांत जमलं ते पोरांत जमलं नाही.

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या लसीचंही तसंच, तीही तोंडावाटेच देतात. श्रीमंत देशांत ही लस गंभीर जुलाब 85 टक्क्यांच्या वर टाळते, मलावीत तोच आकडा 50 च्या खाली. आपली रोटाव्हॅक, जिचा व्हायरस दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांकडून मिळालेला आणि ट्रायल दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याकडे झालेली, ती साधारण 55 टक्के. 2017 मध्ये घानातल्या बाळांची शी तपासली तर ज्यांना लस लागली त्यांचे बॅक्टेरिया नेदरलँड्सच्या बाळांशी जास्त जुळत होते. अर्थात नुसतं जुळणं म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे उत्साहात विसरलं जातं.

पोलिओपुरता आपण 2015 पासून इंजेक्शनचाही आधार घेतलाय, ते पोटात जातच नाही. रोटाचा डोस मात्र 6, 10 आणि 14 आठवड्यांना अजून तोंडावाटेच.