टाकी कोरडी कधी पडणार? रेषेचे दोन अंतःखंड

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून, आणि बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड असतात. समजा, नळ जाताना गच्चीवरची १००० लिटरची टाकी काठोकाठ भरली आहे आणि घरात तासाला सरासरी २५ लिटर पाणी लागतं. क्ष तासांनंतर टाकीत य लिटर उरत असेल, तर

२५क्ष + य = १०००

क्ष = ० घातलं की य = १०००, म्हणजे सुरुवातीचा साठा. य = ० घातलं की २५क्ष = १०००, म्हणून क्ष = ४०; चाळीस तासांनी टाकी कोरडी. आलेखावर ही रेषा य-अक्षाला (०, १०००) या बिंदूत छेदते आणि क्ष-अक्षाला (४०, ०) मध्ये. १००० हा तिचा य-अंतःखंड, ४० हा क्ष-अंतःखंड.

नळ मात्र ४८ तासांनी येणार. क्ष = ४८ घातलं तर य = −२००. टाकीत उणे पाणी कुठून असणार, पण हा आकडा टाकाऊ नाही: तेवढी तूट पडणार आहे. ती भरून काढायला एक तर १२०० लिटरची टाकी बसवा, म्हणजे चढ (क्ष एकने वाढला की य किती बदलतो ते) तोच ठेवून य-अंतःखंड वाढवा. नाही तर १००० लिटर तशीच ठेवून खर्च तासाला २०.८ लिटरवर आणा, म्हणजे रेषा जरा आडवी होऊन ४८ पर्यंत पोचेल. (खरा खर्च सकाळी धो-धो आणि रात्री जवळपास शून्य, सरळ रेषा ही त्याची सरासरी. तास-दोन तास इकडेतिकडे होणारच.)

आलेख काढताना प्रमाण आधी ठरवा. क्ष-अक्षावर १ सेंमी = ५ तास आणि य-अक्षावर १ सेंमी = १०० लिटर घेतलं, तर अंतःखंड ८ सेंमी आणि १० सेंमीवर येतात, वहीच्या पानात आरामात बसतात. दोन्ही अक्षांवर १ सेंमी = ५ घेणाऱ्याला मात्र दोन मीटर उंच कागद लागेल.

आता ३क्ष − ४य = १२ घ्या. य शून्य असेल तर ४य हे पद बोटानं झाकायचं; उरतं ३क्ष = १२, क्ष = ४. हे सहसा बरोबर येतं. गडबड पुढे होते. ३क्ष झाकल्यावर उरतं −४य = १२, म्हणजे य = −३. पण ते उणे चिन्ह दोन पदांच्या मधलं वाटतं, ते बोटाखाली जातं आणि उत्तर येतं ३. रेषा चुकीच्या बाजूला कलते. चिन्ह नेहमी पुढच्या पदाचं समजा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्ष-अंतःखंडासाठी क्ष = ० घालणं. क्ष-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूची उंची शून्य असते, म्हणून तिथे य शून्य करायचा.

पडताळ्याला एक सोपी युक्ती: दोन्ही अंतःखंड निम्मे करा. (२, −१.५) हा बिंदू समीकरणात घातला तर ६ + ६ = १२. जुळलं.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. २क्ष + ५य = ० मध्ये दोन्ही अंतःखंड शून्य; आरंभबिंदू हा एकच बिंदू हाती लागतो आणि एका बिंदूवरून रेषा काढता येत नाही. क्ष = ५ घेऊन (५, −२) हा दुसरा शोधावा. य = ५ ही रेषा क्ष-अक्षाला कधीच भेटत नाही. आणि ३क्ष + ७य = १० चे अंतःखंड आहेत १०/३ आणि १०/७; ते आलेखावर अंदाजानं मांडण्यापेक्षा (१, १) आणि (८, −२) घ्या, दोन्ही नेमके चौकटीच्या कोपऱ्यावर बसतात. अंतःखंड हवेतच असा प्रश्न नसेल, तर इथे त्यांचा हट्ट धरू नये.

विज्ञानात कधीकधी सगळं महत्त्व अंतःखंडालाच असतं. दाब स्थिर ठेवून वायू तापवला की तो तापमानाच्या प्रमाणात फुगतो. ०° सेल्सिअसला २७३ मिलिलिटर असलेला वायू १००° ला जवळपास ३७३ मिलिलिटर होतो. तापमान क्ष आणि आकारमान य धरलं तर य = क्ष + २७३. य शून्य केला तर क्ष = −२७३. नेमका आकडा −२७३.१५, म्हणजेच निरपेक्ष शून्य, तापमानाची सगळ्यात खालची मर्यादा. प्रत्यक्षात नायट्रोजन −१९६° ला द्रव होतो आणि ही रेषा त्याच्यापुरती तिथेच संपते. अंतःखंड मिळतो तो रेषा मागे वाढवून.

अशा वाढवण्यात छोटी चूकही मोठी होते. १००° चं वाचन ३७३ ऐवजी ३७० घेतलं गेलं, तर चढ ०.९७ होतो आणि अंतःखंड २७३ ÷ ०.९७, म्हणजे सुमारे −२८१ वर जातो. तीन मिलिलिटरची चूक, आठ अंशांचा फरक. प्रयोगात म्हणूनच दोन वाचनांवर न थांबता सात-आठ घेतात, आणि जमेल तेवढी बर्फ-मिठाच्या मिश्रणात, शून्याखालचीही.