जुन्या नक्षीदार अक्षरांचा फाँट करताना

न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी १८२७ साली लाकडी अक्षरं कोरण्यासाठी फिरत्या पात्याचं यंत्र वापरात आणलं. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफची, म्हणजे साच्याची आकृती लहान-मोठ्या मापात उतरवणाऱ्या दांड्यांच्या उपकरणाची, जोड दिली. एकाच साच्यावरून हव्या त्या मापाची अक्षरं निघू लागली आणि भित्तिपत्रकं नक्षीदार, सावलीच्या, दुरंगी अक्षरांनी भरून गेली. आज त्यांचा फाँट करायचा, तर मूळ खिळा, म्हणजे छपाईचा अक्षर-ठोकळा, क्वचितच मिळतो. हाती असतो तो कागदावरचा ठसा, आणि ठशाची बाह्यरेषा हीच खिळ्याची रेषा मानली की काम बिघडतं.

दाबाखाली शाई कडेबाहेर सरकते. समजा, ती प्रत्येक बाजूला ०.०५ मिमी पसरली. अक्षराची उंची फाँटमध्ये ७०० एककं (फाँट आखण्याच्या जाळीतली मापं) धरली, तर १२ मिमीच्या ठशात ही वाढ जेमतेम ३ एककं भरते. ठसा ४ मिमीचा असेल तर ती ९ एककांच्या आसपास जाते, म्हणजे उभा दंड सुमारे १८ एककांनी जाडावतो. म्हणून मिळेल त्यातला सर्वांत मोठा आणि कमी शाईचा ठसा घ्यावा. भिंगाखाली काठाशी शाईची गडद कड दिसते. खरी रेषा तिच्या आतल्या बाजूने जाते. आतले कोपरेही शाई साचून गोल झालेले असतात. ते पुन्हा टोकदार करावेत.

स्कॅन १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके), करड्या छटांमध्ये घ्यावा. नुसत्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये रेषा कुठे धरायची, हे यंत्रच ठरवून टाकतं. एकच अक्षर वेगवेगळ्या खिळ्यांवरून छापलेलं सापडलं, तर ते ठसे एकमेकांवर ठेवून पाहावेत. सगळ्यांत जुळतं ते मूळ वळण. एखाद्यातच दिसतो तो टवका.

रेखाटन हातानेच करावं. स्वयंचलित ट्रेसिंग शाईचा प्रत्येक खडबडीतपणा रेषा घडवणाऱ्या बिंदूंत उतरवतं. शेकडो बिंदू पडतात आणि मोठ्या आकारात वळणं लचकलेली दिसतात. साध्या गोलाला चार बिंदू पुरतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

दुरंगी अक्षरांत प्रत्येक रंगाचा वेगळा थर असतो, आणि खरी कसोटी या थरांची. दोन्ही थरांची रुंदी आणि कर्निंग (अक्षरांच्या जोडीतलं अंतर) तंतोतंत सारखं हवं; एका जोडीत १० एककांचा फरक राहिला, तरी पुढची सगळी ओळ तेवढी सरकते. छपाईत दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसू नये म्हणून खालचा थर ४-५ एककं वरच्याखाली घुसवावा.

कोरीव रेघांचं मापही आधीच ठरवावं. १००० एककांच्या चौकटीत (म्हणजे फाँटच्या पूर्ण आकारात) २० एककांची रेघ १६ पिक्सेल आकारात ०.३२ पिक्सेल उरते आणि नक्षीचा करडा डाग होतो. पूर्ण एक पिक्सेल मिळायला ५० पिक्सेलचा आकार लागतो. त्याहून लहान वापरासाठी कमी आणि जाड रेघांचा वेगळा कट, म्हणजे फाँटची वेगळी आवृत्ती, काढावा.